दादाच्या बोटातलं कॅल्शियम फ्लोराइड

९ जुलै, बुधवार

डिचोली पालिकेची बैठक. विषय गटार. दोन तास चर्चा, निष्कर्ष गटारात. बातमी पाठवली. डेस्कवरून विचारणा, फोटो आहे का? गटाराचा फोटो पाठवला. आता म्हणतात, यात माणसं दिसत नाहीत.

संध्याकाळी पेडण्याहून वहिनींचा फोन. दादाची बोटं दुखतात. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं. मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, चवथ जवळ आली की मूर्तिकारांची बोटं दुखायचीच, त्याशिवाय लोक भाव देत नाहीत. पलीकडून, "भावोजी, ते रडतत."

दादा आणि रडणं. बाबा गेले त्या वर्षीही सगळे गणपती पोचते करून मग घरात येऊन बसलेला माणूस. स्कूटर काढली.

१० जुलै, गुरुवार

काल पोचलो तेव्हा दादा पडवीत, हात पाण्याच्या परातीत. बघायला गेलं तर काही नाही. टोकं लालसर, नखांच्या कडेला पांढुरकं. फोड नाही, जखम नाही. एवढ्यासाठी हा भिंतीवर डोकं आपटतो? गावातल्या डॉक्टरांनाही तेच वाटलं असणार. नखुर्डं म्हणाले. "कशाला हात लावलेला?" दादा म्हणाला, "मातीक. चवथ तोंडार इली, माका आनी कसल्याक हात लावूक सवड खंय?" वहिनी दारात उभ्या. गप्प.

गोळ्यांनी काही फरक नाही. सकाळी नखांखाली करडा रंग. चहा झाल्यावर वहिनींनी मागल्या दारी बोलावलं.

"भावोजी, ती माती न्हय."

वहिनी धारगळला हमरस्त्यालगत कपडे धुण्याच्या कारखान्यात जातात. विमानतळामुळे मोपाच्या बाजूला जी हॉटेलं झाली त्यांच्या चादरी तिथे येतात. तांबड्या मातीचे आणि गंजाचे डाग साबणाला दाद देत नाहीत. त्यासाठी तिथे एक औषध आहे. थेंब टाकला की डाग गेला. ते त्यांनी सोड्याच्या बाटलीतून घरी आणलं. पाटांसाठी.

यंदा दादाने गणपतीच्या शाळेवरची, म्हणजे तो मूर्ती घडवतो त्या खोपीवरची, कौलं काढून पत्रे घातले. खिळ्यांतून गंजाचं पाणी झिरपलं आणि माळ्यावरचे पाट डागाळले. पाट आमचे असते तर चाललं असतं. पण ते लोकांचे. आमच्याकडे गणपती तोंडाने सांगत नाहीत. घरचा पाट आणून शाळेत ठेवला की सांगितला. मूर्ती त्याच पाटावर घडते, त्याच पाटावर बसून घरी जाते. एकदा ठेवला की ते घर त्या शाळेचं, बापाकडून मुलाकडे. लोकांच्या देवाच्या बैठकीवर आपल्या छपराचे डाग, हे दादाला झोप लागू देईना.

मंगळवारी दुपारभर फडकं बुडवून उघड्या हाताने घासत होता. वहिनी म्हणाल्या, "मी सांगलंय, थंय हातमोजे घालतत. तर म्हणाले, ह्या चावनासुद्धा नाय, तुमच्या सायबान पाणी घातलेला दिसता." दादाच्या शास्त्रात बोटाला चावत नाही ते औषधच नव्हे. फरशी धुवायचं ॲसिड चावतं, चुना चावतो, अळू चावतं. हे चावलं नाही म्हणून याने आणखी ओतून घेतलं. डाग मात्र गेले. पाट बघितले, नव्यासारखे.

डॉक्टरांना का नाही सांगितलं? कारखान्यातून काही बाहेर नेलं की काम गेलं. म्हणून एक रात्र वहिनी गप्प राहिल्या. मग मी दादाला विचारलं. तोही त्याचसाठी गप्प. दोघांनी एकमेकांना सांभाळलं, हात मधल्यामध्ये राहिला.

११ जुलै, शुक्रवार

काल दुपारपासून मोठ्या इस्पितळात. डॉक्टरीणबाई तरुण, घाटावरच्या. 'गंजाचे डाग काढायचं औषध' म्हटल्याबरोबर खुर्चीवरून उठल्या. रबरी हातमोज्यात मलम भरलं आणि दादाचा हात त्यात. बोटांत सुया. छातीला वायरी. बोटं दुखतात तर छाती का बघतात म्हणून वहिनींना आणखी भीती.

समजलं तसं लिहून ठेवतो. हे आम्ल कातडीशी भांडत बसत नाही. आत जातं आणि कॅल्शियम शोधतं. हाडातलं, रक्तातलं, मिळेल ते. दोघांचं मिळून कॅल्शियम फ्लोराइड होतं. रक्तातलं फार कमी झालं तर हृदय ठोका चुकतं, म्हणून वायरी. मलमात कॅल्शियम आहे. त्याने हे घ्यावं आणि हाडाचं सोडावं.

दादा वेदनेतही ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे देवचाराक रोट."

डॉक्टरीणबाईंना समजेना. मी सांगितलं, गावाच्या शिवेवर राखणदार असतो, देवचार. त्याचा रोट, जाड भाकरीचा नैवेद्य, त्याला शिवेवरच पोचवायचा, म्हणजे तो घरात येत नाही.

"अगदी तसंच, काका," त्या म्हणाल्या. "फक्त तो आत आल्यावर तुम्ही रोट घेऊन आलात."

चांगल्या मनाने म्हणाल्या. वहिनी उठून बाहेर गेल्या.

"माझी बोटां ऱ्हवतली मगो, बाय?"

"बघू."

जन्मभर संस्कृत व्याकरण घोकलं, पण इस्पितळातलं 'बघू' कुठल्या लकारात बसवावं? आशीर्वादाच्या नक्की नाही.

मला काम दिलं: त्या औषधाचं नाव आणि किती टक्क्यांचं, ते शोधून आणायचं.

१२ जुलै, शनिवार

धारगळ. वहिनींना घेऊन गेलो. मुकादम दारातच. "कसला औषध? साबण आसा तो." मी पत्रकार म्हटल्यावर साबण सुगंधीही झाला. नाव? "मालकाक विचारा." मालक? "मुंबयक."

वहिनींबरोबर काम करणारी लक्ष्मी, सातार्ड्याची. रोज राज्याची हद्द ओलांडून येते. मुकादम फोनवर असताना मागे गेली आणि मोबाइलवर पिंपाच्या कागदाचा फोटो काढून आली. कागद अर्धा सुटलेला. हायड्रोफ्लोरिक एवढं वाचता येतं. टक्क्यांचा आकडा होता तिथेच फाटलाय.

फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. उत्तर: नावाचा अंदाज होताच. आकडा हवा होता.

रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर बायकांना सांगितलं, उघड्या हाताने ते घेऊ नका. लक्ष्मी आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिली. "आमचे मोजे फाटके. रातीचा दुखता भावोजी, पण आमका वाटला, पाण्यात काम करतव म्हणान." मग सगळ्याच बघायला लागल्या.

बातमी लिहिली, वहिनींचं आणि दादाचं नाव न घालता. डेस्क: दुसरी बाजू घेतली का? घेतली. दुसरी बाजू म्हणते साबण आहे.

१५ जुलै, मंगळवार

बातमी छापली नाही. 'पुराव्याची वाट पाहू.' त्या जागी मोपाला उतरलेल्या कुणा नटाचा फोटो. यात माणूस दिसतो.

वहिनींना कामावर येऊ नका म्हणून निरोप. 'फोटो काढायला कोण आलेलं' एवढंच कारण. घरी आणलेल्या बाटलीचा पत्ता कारखान्याला अजून नाहीच. म्हणजे जे लपवायला ती रात्र घालवली ते लपलेलंच राहिलं, आणि काम गेलं ते गेलंच. वहिनींनी हे दादाला सांगितलेलं नाही. रजा काढली म्हणतात.

तर्जनीचं नख काढलं. आतून मलम जावं म्हणून. मी बाहेर थांबलो. आवाज बाहेर आला.

१७ जुलै, गुरुवार

घरी सोडलं. वायरींचा धोका टळला. बोटांचं दर शुक्रवारी दाखवायचं. अंगठा सुधारतोय. तर्जनीचं टोक काळपट. मधलं मेणासारखं पांढुरकं, ना इकडचं ना तिकडचं.

मीही पेडण्यातच राहतो आता. बातम्या इथून पाठवतो. डिचोलीच्या घरी वाट बघणारं कोणी नाही. माझं लग्न व्याकरणाशी लागलं, ते माहेरी गेलं तरी कळत नाही.

दादा घरात न जाता आधी शाळेत गेला. कोपऱ्यात शाडूचे गोळे ओल्या गोणपाटाखाली. त्याने डाव्या हाताने गोणपाट उचललं, पुन्हा ठेवलं. "सुकली वरसून," एवढंच.

१८ जुलै, शुक्रवार

बातमी मी न छापताही गावभर झाली. पाटवाले येऊ लागले. कोणी सरळ विषय काढत नाही. आधी पाऊस, मग भात, मग मोपाचा रस्ता, मग पंख्याकडे बघत: "मगे यंदा कसा काय?"

खालच्या वाड्यावरचा बाबी, दादाबरोबर प्राथमिक शाळेत होता. तो म्हणाला, "राग मानू नको. पोरगी पयल्यांदा सासरसून येतली, गणपती नाय अशें जावचें नाय. एका वर्साक खंयतरी ठेवतंय. फुडल्या वर्सा पाट तुझोच."

दादा म्हणाला, "व्हर. डाग काडलेलो आसा, बघून घे."

बाबीने पाट उचलला, छातीशी धरला आणि पायऱ्या उतरताना एकदाही मागे बघितलं नाही. पुढच्या वर्षी परत येणाऱ्याची ही चाल नव्हे. इतकं मलाही कळतं.

बाबीची आई थोड्या वेळाने आली. काठी टेकत. दादाला म्हणाली, "त्या गाढवान पाट व्हेल्यान? माका विचारूक नाय तो." पण पाट परत आणला नव्हता. बसली, चहा प्याली, गेली.

२० जुलै, रविवार

दादा दोन दिवस एकच विचारतोय. "माझ्या बोटात तयार काय झाला? नाव नको माका. आकार दाखय." जन्मभर आकार करणारा माणूस, त्याला नावाने समाधान होत नाही. मी उलटा; माझं नावानेच भागतं.

डिचोलीहून गावस सरांना स्कूटरवर आणलं. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. मी संस्कृतकडे वळलो याचं श्रेय त्यांचंच. अकरावीला त्यांनी मला दोनदा नापास केलं. पाय मांडून बसता येत नाही म्हणून शाळेतल्या उलट्या डब्यावर बसले.

खिशातून रुमाल, रुमालातून खडा. फिकट जांभळा, सुपारीएवढा. दोन पिरॅमिड बुडाशी बुड लावून चिकटवावेत तसा. "हे कॅल्शियम फ्लोराइड. खाणीतून निघतं. फोडलं की या आकारातच फुटतं." आठ फलक, सहा टोकं. जुन्या रसवैद्यांनी वैक्रांत म्हणून एक खडा सांगितलाय, त्याचं वर्णन असंच. तोच का हा, यावर पंडितांचं एकमत नाही. मी हे बोललो तर सर म्हणाले, "तू अजून उत्तर सोडून बाकीचं लिहितोस."

दादाने खडा डाव्या हातात घेतला. उजेडात फिरवला. "सुंदर आसा," म्हणाला. जणू शत्रूची पोरगी बघायला गेलाय.

मग आतली रचना. सर कागदावर काढायला लागले, दादाने थांबवलं. "तुमी सांगा, मी करतंय." डाव्या हाताने शाडूच्या गोळ्या वळल्या. मोठ्या कॅल्शियमच्या, लहान फ्लोरीनच्या. जोडायला झाडूचे हीर. गोळ्या वाकड्यातिकड्या होत होत्या, प्रत्येक वाकडी गोळी तो पुन्हा मोडत होता. वहिनी हीर तोडून देत होत्या.

चौरस पेटी. आठ कोपऱ्यांवर आठ कॅल्शियम. पेटीच्या सहा बाजूंच्या मधोमध आणखी सहा. मग पेटीचे मनातल्या मनात आठ लहान खण पाडायचे, प्रत्येक खणात मधोमध एक फ्लोरीन. झालं.

दादा मोजत होता. "चवदा आनी आठ. तुमी म्हणालात एका कॅल्शियमाक दोन फ्लोरीन. हिशेब चुकलो."

सर खूश. मला त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. "कोपऱ्यावरचा गोळा या एकट्या पेटीचा नाही. शेजारच्या सात पेट्यांचाही तोच कोपरा. सामायिक भिंत. बाजूवरचा दोन पेट्यांचा. वाटे पाडलेस की या पेटीच्या वाट्याला चार येतात. आणि आठ फ्लोरीन पुरते आत, पुरते हिचे."

"म्हणजे ही पेटी एकटी नसता."

"कधीच नाही. वर, खाली, बाजूला, पेट्याच पेट्या. प्रत्येक फ्लोरीनला चार कॅल्शियम धरून. प्रत्येक कॅल्शियमला आठ फ्लोरीन."

दादाने ती हीर-मातीची पेटी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ. "नेटकी आसा. खंय फट नाय." आणि मग, "ह्याच्यातसून माझा कॅल्शियम भायर कसा काडतलात?"

सरांनी चष्मा पुसला. "नाही निघत. पाण्यात विरघळतं म्हणावं तर नावापुरतं."

"मगे जाता खंय?"

"कुठे नाही. म्हणूनच तर आम्ल तिथे थांबतं. थांबतं ते या पेट्या बांधून." मग, "तुझ्या बोटात असा सुंदर खडा वगैरे नाही हं. पीठ. डोळ्यांना न दिसणारे कण. पण प्रत्येक कणात हेच."

मी विचारलं, चावलं का नाही? म्हणाले, दुबळं आम्ल आहे. जोरकस आम्लं दारातच आरडाओरडा करतात, माणूस हात धुतो. हे आपल्या कणांची फाटाफूट न करता गुपचूप आत जातं. "दुबळं म्हणून मुलांना शिकवलं मी तीस वर्षं. पुढे एक वाक्य जोडायला हवं होतं."

दादाने पेटी जवळच्या पाटावर ठेवली. वहिनींनी लगेच उचलली. "पाटार नको." खिडकीत ठेवली.

२३ जुलै, बुधवार

नागपंचमीचे नाग करायला हवेत. ते लहान, साच्याशिवाय, तासाला चार होतात. दादाला. आता हात आमचे, तोंड त्याचं.

"दाब."

"किती?"

"पुरो म्हणासर."

"पुरो कधी ते कसं कळायचं?"

"कळता."

हे असं. संस्कृतात याला स्वयंप्रकाश ज्ञान म्हणतात. पेडण्यात त्याचा लगदा होतो. माझा पहिला नाग बघून दादा म्हणाला, "ह्याका फणो खंय?" मी दाखवला. "ता शेपूट न्हय?"

वहिनींचे बरे होतात. इतकी वर्षं बाजूला बसून माती भिजवून दिली, हात आपोआप जातो. दादाने एकदाही तसं म्हटलं नाही. एक नाग मात्र मोडायला सांगितला नाही, तेवढ्यावर त्या दिवसभर होत्या.

संध्याकाळी कामाचं सांगून टाकलं त्यांनी. रजा नव्हे, काढलं. दादा म्हणाला, "माका ठावक आसा. तू रजा कधी काडलीस?"

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. इस्पितळ. तर्जनी पेराच्या वरपर्यंत काळी, कडक. मधल्या बोटाला टोकाशी जांभळी रेघ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळं कुठे थांबतं ते बोटालाच ठरवू दे, मग आपण. घाई केली तर जास्त जातं.

लक्ष्मीला घेऊन आलो होतो बरोबर. तिचं दुखणं थोडक्यावर आहे. मलम दिलं, ते औषध बंद करा म्हणाल्या. लक्ष्मी: "औषध बंद केला तर काम बंद." परत कामावर गेली.

बातमी पुन्हा पाठवली. पुरावा म्हणून पिंपाचा फोटो. डेस्क: अस्पष्ट आहे.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. नाग गेले. लोकांनी निमूट नेले. बाबीची आई आली, नातवाच्या हातात नाग घेऊन उजेडात बघितला आणि म्हणाली, "यंदाचो नाग बरो गरीब दिसता. कोणाक चावचो नाय."

दादा हसला. महिन्यात पहिल्यांदा. मग हसता हसता उजवा हात मांडीखाली घेतला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज आणखी पाट गेले. किती ते लिहीत नाही. माळ्यावर भिंत दिसायला लागलीय.

दादाचा मुलगा जहाजावर नोकरीला, त्याचा फोन. बाबा, पेणहून मूर्ती मागवूया, तुम्ही फक्त डोळे काढा. दादाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "डोळे कसल्यान काडू रे?" पलीकडून जहाजाचा आवाज येत होता. वहिनींनी फोन घेतला आणि तिथे जेवायला काय मिळतं ते विचारलं.

४ ऑगस्ट, सोमवार

काही नाही. पाऊस. दादा खिडकीतली पेटी बघत बसतो. दोन हीर सुटलेत, एक फ्लोरीन पडून फुटला. मी म्हटलं, दुसरा करू? "नको. तसोच ऱ्हावं दे. एक तरी सुटलो."

८ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं. सोमवारी शस्त्रक्रिया. तर्जनी मधल्या पेरापासून जाणार, त्यात आता बोलण्यासारखं काही नाही. अंगठा राहिला. प्रश्न मधल्याचा.

दादाने संमतीच्या कागदावर नाही, टेबलावर हात ठेवून विचारलं. अंगठा आणि मधलं बोट, दोन राहिली तर कोरणी धरता येते. कोरणी धरता आली तर डोळे काढता येतात. डोळे काढता आले तर बाकीची मूर्ती कुणीही करो. "एक आंगठो घेवन मी काय करू बाय? कागदार ठसो?"

डॉक्टरीणबाईंनी सुईने टोचून बघितलं. "कळतं?" "कळता." "इथे?" "कळता." मग म्हणाल्या, डोळे मिटा. मिटले. काही बरोबर सांगितलं, काही नाही. त्या म्हणाल्या, बोट मेलेलं असेल आणि ठेवलं, तर सड मागे हातात येईल, पंजावर बेतेल. जिवंत असेल आणि काढलं, तर ते पाप माझं. "सोमवारी टेबलावर बघेन. तोवर काका, खरं सांगायचं. थोडं जरी कमी कळायला लागलं तरी मला सांगायचं. तुम्हीही लक्ष ठेवा," हे मला.

"कळता माका," दादा म्हणाला. "सगळ्यांत चड ह्याच बोटाक."

येताना गाडीत तो डोळे मिटून अंगठ्याने मधलं बोट चोळत होता. गिर्‍हाईक कापड बघतं तसं.

१० ऑगस्ट, रविवार

शाळेत अजून काही पाट आहेत. त्यांची घरं म्हणतात, कसा होईल तसा होऊ दे, आम्ही दुसरीकडे जायचे नाही. दादाला याचा आनंद कमी आणि धास्ती जास्त.

सकाळपासून वहिनी आणि मी माती मळत होतो. सोमवारनंतर दादा काही दिवस इस्पितळात, तोवर मूर्तींची बुडं तरी उभी करून ठेवू, असं वहिनींच्या मनात. दुपारी दादा आला. पट्टी सोडून. "बघू कशी मळल्यात ती."

गोळ्यावर मधलं बोट ठेवलं आणि सावकाश ओढत नेलं. मी समोरच उकिडवा होतो. त्याच्या बोटाच्या वाटेत खडा होता. जांभ्याचा, तांबडा, तांदळाएवढा, अर्धा मातीत, अर्धा वर. माझ्याच मळण्यातला. पांढऱ्या मातीवर मला पलीकडून दिसत होता. दादाची नजर खिडकीबाहेर. माती बघताना तो मातीकडे बघत नाही, कधीच नाही.

बोट त्यावरून गेलं. थांबलं नाही. परत फिरलं, पुन्हा त्यावरूनच.

"बरी झाली," दादा म्हणाला. "एक खडो नाय. शास्त्र्या, उतारवयात शिकलंस बग."

वहिनींनी खडा बघितला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "गुरू बरो मेळलो."

दादा हात धुवायला विहिरीकडे गेला. गुणगुणत गेला. वहिनींनी नखाने खडा उपटला, आणि तो टाकायला दाराबाहेर न जाता मूठ मिटून तिथेच बसल्या.

"भावोजी, डॉक्टरीणबाईक सांगतलास?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. हे उत्तर नव्हे, हे त्यांनाही ठाऊक. त्या म्हणाल्या, "माका विचारू नकात. मी पयलीच एक रात गप ऱ्हवलंय."

उद्या सकाळी सहाला निघायचं, दादाला उपाशी न्यायचं आहे. डॉक्टरीणबाईंचा नंबर समोर आहे. निरोप लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. 'मधल्या बोटाबद्दल एक सांगायचं आहे' इथवर आलोय. बाहेर दादा वहिनींना ओरडून विचारतोय, कोरण्या खंय ठेवल्यास, धार लावून ठेवतंय म्हणून. वहिनी त्याला सांगताहेत कुठल्या फळीवर. मी पुढचं वाक्य—